यवतमाळचं मेडिकल कॉलेज नेमकं कोणासाठी?

एमबीबीएसच्या प्रवेशाची यादी लागली की दरवर्षी आपल्याकडे दोन प्रकारच्या पोस्ट फिरतात. एक 'हार्दिक अभिनंदन'वाल्या, क्लासच्या फ्लेक्ससकट. दुसऱ्या 'बाहेरच्यांनी आमच्या जागा खाल्ल्या'वाल्या. पहिल्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. लेकरांनी मेहनत केली, फ्लेक्स लागलाच पाहिजे. दुसऱ्यांबद्दल मात्र यंदा सविस्तर लिहायचं ठरवलं, कारण त्यातला राग खरा आहे पण पत्ता चुकीचा आहे.

पोस्ट लांब आहे. पूर्ण वाचा, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

पहिले साधा हिशेब करू. सरकारी मेडिकल कॉलेजात शंभर जागा धरा. त्यातल्या १५ अखिल भारतीय कोट्याच्या. त्या दिल्लीतून भरल्या जातात, देशातला कोणीही येऊ शकतो. हा कोटा सुप्रीम कोर्टाच्या १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यातून आला, म्हणजे आपलं यवतमाळचं कॉलेज १९८९ ला सुरू झालं त्याच्या आधीपासून आहे. उरल्या ८५. त्या राज्याच्या. या ८५ साठी महाराष्ट्राचं डोमिसाईल लागतं, दहावी-बारावी महाराष्ट्रातून लागते. म्हणजे यूपी-बिहार-राजस्थानचा पोरगा या ८५ मध्ये येऊच शकत नाही.

आता या ८५ चं काय व्हायचं? तीसहून अधिक वर्षं आपल्याकडे ७०:३० चं सूत्र होतं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग. विदर्भातल्या कॉलेजात राज्याच्या जागांपैकी ७० टक्के विदर्भातल्या मुलांना, ३० टक्के बाकीच्या सगळ्या महाराष्ट्राला. ८५ चे ७० टक्के म्हणजे साठच्या आसपास. शंभरातल्या साठेक जागा विदर्भाच्या होत्या.

८ सप्टेंबर २०२० ला तेव्हाचे वैद्यकीय शिक्षण मंत्री अमित देशमुख यांनी विधिमंडळात जाहीर केलं, ७०:३० रद्द. कोरोनाचा काळ, दोन दिवसांचं अधिवेशन, लोकं ऑक्सिजनचे सिलेंडर शोधत होते. त्या दिवसापासून विदर्भाच्या राखीव जागा शून्य.

म्हणजे बघा गंमत. ज्या १५ जागांवर आपण दरवर्षी बोंबलतो, त्या आधीही १५ होत्या, आजही १५ आहेत. ज्या साठ गेल्या, त्यांच्यावर आपल्याकडे एक साधा मोर्चा निघाल्याचं कोणाच्या ध्यानात नाही. परप्रांतीयाला शिव्या देणं सोपं असतं. तो मतदार नसतो, त्याचा आमदार नसतो.

आता कोणी म्हणेल, मराठी माणूस मराठी माणसाच्याच जागेवर आला, त्यात काय एवढं. बरोबर. लातूरच्या, नांदेडच्या, पुण्याच्या पोरांवर माझा काडीचा राग नाही. उलट मराठवाड्याची तक्रार खरी होती हे इथंच लिहून ठेवतो. त्यांच्याकडे कॉलेजं कमी, मुलं हुशार आणि कष्टाळू. लातूरच्या मुलाला मुंबईच्या मुलापेक्षा जास्त मार्क असूनही मुंबईत जागा मिळत नव्हती, कारण तिथंही ७० टक्के 'त्यांच्या' होत्या. हा अन्यायच होता. पण त्यावर इलाज काय होता? मराठवाड्यात कॉलेजं काढणं. ती पुढे निघालीसुद्धा. ९ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी महाराष्ट्रात एकाच दिवशी १० सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन केलं, त्यात जालना आणि हिंगोली होते. आपल्याकडचे अमरावती, वाशिम, बुलडाणा, भंडारा, गडचिरोली होते. म्हणजे जो इलाज चार वर्षांत येणारच होता, त्याची वाट न बघता चार वर्षं आधी मागासलेल्या भागाचं कुंपण काढून टाकलं.

आणि हे कुंपण कोणाची मेहेरबानी नव्हती. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार काढून वाचा. विदर्भ मराठी राज्यात यावा म्हणून जे जे कबूल केलं होतं, त्यात तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणाच्या संस्थांमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात प्रवेश हे स्पष्ट होतं. पुढे घटनेच्या ३७१ (२) कलमात तंत्रशिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांची समन्यायी सोय आली. त्यातूनच १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली आणि ती वाढवली नाही. सव्वाचार महिन्यांनी ७०:३० गेलं. एकाच वर्षात दोन्ही आधार काढले. २०२२ मध्ये सत्ता बदलली, मंडळं परत आणायचा निर्णय त्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने घेतला. ७०:३० परत आलं नाही. तेव्हा सत्तेत होते ते आणि आता आहेत ते, दोघांचे झेंडे घेऊन फिरणारे या पोस्टखाली भांडणार आहेत, म्हणून आधीच सांगतो, या बाबतीत दोघंही सारखेच.

इथपर्यंत बऱ्याच जणांनी मान हलवली असेल. आता जे लिहितो ते थोडं कडू आहे.

७०:३० जसंच्या तसं परत आणलं तरी यवतमाळच्या गावातल्या मुलाचं काम होत नाही.

काहून? कारण त्या सूत्राच्या लेखी 'विदर्भ' हा एकच होता. नागपूरच्या धरमपेठेत राहणारा, आई-बाप दोघं डॉक्टर, आठवीपासून फाउंडेशन कोर्सला असलेला मुलगा विदर्भाचा. आणि झरीजामणी तालुक्यातल्या कोलाम पोडावरून आश्रमशाळेत गेलेली मुलगी पण विदर्भाचीच. दोघं एकाच ७० टक्क्यांत. तिथं कोण जिंकणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. अनुसूचित जमातीच्या जागेतसुद्धा ही कोलामाची मुलगी एकटी नाही. कोलाम महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक, कातकरी आणि माडिया यांच्यासोबत. पण प्रवेशाच्या यादीत त्यांची वेगळी ओळच नाही. राज्यभरच्या सगळ्या आदिवासी मुलांसाठी मिळून ७ टक्के, त्यात हीसुद्धा. आपल्या जिल्ह्यात आदिवासी लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेअठरा टक्क्यांच्या आसपास होती.

बंजारा समाजाचं तर याहून मजेशीर आहे, आणि हे फार कमी लोकांना माहीत आहे. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जाती 'अ' मध्ये येतो, त्याला वेगळे ३ टक्के आहेत. पण केंद्राच्या यादीत विमुक्त जाती नावाचा वेगळा प्रवर्गच नाही, तिथं तो ओबीसीत जातो. म्हणजे अखिल भारतीय कोट्याच्या १५ जागांत पुसदच्या तांड्यावरचा मुलगा साऱ्या देशातल्या ओबीसींशी स्पर्धा करतो. आणि राज्यांच्या कॉलेजांतल्या या १५ टक्क्यांत ओबीसी आरक्षणसुद्धा २०२१ मध्ये आलं. तोपर्यंत तिथं तो सरळ ओपनमध्ये होता. कॉलेजाच्या पाटीवर नाव आहे वसंतराव नाईकांचं. गहुलीचा तांडा, तिथून निघालेला माणूस १९६३ ते १९७५ राज्याचा मुख्यमंत्री राहिला. त्याच्या नावाच्या कॉलेजात १५ जागा अशा आहेत जिथं त्याच्या तांड्याचा प्रवर्गच अस्तित्वात नाही. ओबीसींच्या उपवर्गीकरणासाठी नेमलेल्या रोहिणी आयोगाने ३१ जुलै २०२३ ला राष्ट्रपतींना अहवाल दिला. जयंतीला पुतळ्याला हार घालायला जे जे येतात, त्यांना एकदा विचारा, साहेब त्या अहवालाचं पुढे काय?

तर मुद्दा असा आहे. भांडण 'आतले' विरुद्ध 'बाहेरचे' असं आहे, हे आपल्याला सांगितलं जातं. खरं भांडण हे आहे की गेटवर जी चाळणी लावली आहे ती काय मोजते.

आजची चाळणी म्हणजे नीट. वीस लाखांहून जास्त मुलं एकाच दुपारी एकच पेपर देतात. पेपर मराठीतही असतो, हे मान्य. पण तयारीचं साहित्य, टेस्ट सिरीज, क्लास, सगळं इंग्रजीत आणि पैशात. दोन वर्षं लातूर-नांदेड-कोट्याला राहायचं तर फी, खोली, मेस मिळून काही लाखांत जातं. एकदा नाही झालं तर रिपीट, म्हणजे आणखी एक वर्ष. कापसाच्या भावावर घर चालणाऱ्या बापाने हे कसं करायचं? काही जण करतात. वावर विकून करतात. मग तो पोरगा पास झाला तर त्याचा फ्लेक्स लागतो, आणि आपण म्हणतो, बघा, जिद्द असली की सगळं होतं. वावर विकून जे नापास झाले, त्यांचा फ्लेक्स लागत नाही.

आणि मग कोणी तरी अधिकारी, कोणी तरी प्राचार्य भाषणात सांगतो की आमच्या कॅम्पसमध्ये किती विविधता आहे, राज्यातल्या कुठल्या कुठल्या जिल्ह्यातली मुलं आहेत, देशातल्या किती राज्यांतली आहेत. ऐकायला छान वाटतं. पण लखनौचा डॉक्टरपुत्र, पुण्याचा इंजिनीअरपुत्र, नागपूरचा प्राध्यापकपुत्र आणि संभाजीनगरचा बिल्डरपुत्र एका बाकावर बसले तर ती चार गावं झाली. घर एकच झालं. चौघांची शाळा सारखी, क्लास सारखा, सुटीत जायची ठिकाणं सारखी. त्या बाकावर घाटंजीच्या शेतमजुराची मुलगी बसली तर फरक पडेल. ती आमच्या इथलीच आहे, पण 'विविधता' तिच्यामुळे येईल.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत सरकारी विद्यापीठांचं असंच चाललंय. राज्याने पैसा आखडता घेतला, तर विद्यापीठांनी बाहेरच्या राज्यांतली मुलं घ्यायला सुरुवात केली, कारण ती जास्त फी भरतात. अलाबामा विद्यापीठात नव्याने येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलं बाहेरच्या राज्यांतली असतात. वाटेल किती विविधता! पण त्या राज्यात चारातला एक माणूस कृष्णवर्णीय आहे आणि त्या विद्यापीठात त्यांचं प्रमाण त्याच्या निम्म्याच्या आसपासही मुश्किलीने पोचतं. नॉर्थ कॅरोलिनाने १९८६ पासून बाहेरच्यांवर १८ टक्क्यांची मर्यादा घातली. टेक्सासने १९९७ मध्ये कायदाच केला की राज्यातल्या प्रत्येक हायस्कूलच्या वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश. प्रत्येक हायस्कूलच्या. श्रीमंत वस्तीतलं असो की सीमेवरच्या खेड्यातलं. म्हणजे तिथं मोजलं ते हे, की तुला जे मिळालं त्यात तू किती पुढे गेलास.

आता बाहेरच्यांबद्दल. मी बाहेरच्या मुलांच्या विरोधात नाही, आणि का नाही ते सांगायला लांब जायची गरज नाही. वर्ध्याला जा. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान, १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेलं. तिथं निम्म्या जागा महाराष्ट्राबाहेरच्या मुलांना असायच्या. पण तिथं यायचं तर वेगळी प्रवेश परीक्षा, आणि त्यात गांधीविचाराचा पेपर. आल्यावर पहिले आश्रमात राहायचं. मग एक गाव दत्तक, तिथं शिबिर, तिथल्या घरांशी पुढे वर्षानुवर्षं संबंध ठेवायचा. तिथंच पीजी करायचं असेल तर आधी दोन वर्षं ग्रामीण सेवा. केरळचा, पंजाबचा, आसामचा मुलगा यायचा आणि जाताना वऱ्हाडी बोलत जायचा. त्या बाहेरच्यांबद्दल कोणी कधी तक्रार केली नाही, कारण गेटवरच विचारलं जायचं, बाबा तू इथं कशासाठी आलास? मग नीट आली आणि तो पेपर गेला. एक देश, एक परीक्षा. जी संस्था खरंच विविधता कमावत होती, तिच्या हातातली चाळणी काढून घेतली.

म्हणजे बाहेरचा आला म्हणून बिघडत नाही आणि आतला आला म्हणून सुधरत नाही. कोणत्या अटीवर आला, याने फरक पडतो.

याचा आपल्याशी काय संबंध, असं ज्यांच्या घरात कोणी नीट देत नाही त्यांना वाटेल. संबंध असा. २०१७ चा सप्टेंबर-ऑक्टोबर आठवा. कापसावर फवारणी करता करता विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात रांगेने येत होते. जिल्ह्यात वीसपेक्षा जास्त माणसं मेली, कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. साऱ्या देशाचे कॅमेरे आले. त्या रात्री वॉर्डात कोण उभं होतं? हेच एमबीबीएस झालेले इंटर्न आणि रेसिडेंट पोरंपोरी. कुठल्याही गावची असोत, त्यांनी जीव तोडून काम केलं, त्याबद्दल हात जोडतो. पण ती बॅच संपली की काय? एमबीबीएसनंतर एक वर्षाचा बॉण्ड, नाहीतर दहा लाख. ज्याच्या बापाला दहा लाख जड नाहीत तो भरून मोकळा होतो. ज्याला जड आहेत तो वर्ष काढतो आणि पीजीला निघतो. पीजीच्या निम्म्या जागा अखिल भारतीय, आणि २९ जानेवारी २०२५ च्या तन्वी बहल निकालात सुप्रीम कोर्टाने पीजीतलं रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. म्हणजे वरच्या मजल्यावर आता कुंपण घालताच येणार नाही. पण कोर्टाने हेही मानलं की एमबीबीएसच्या पातळीवर काही प्रमाणात अशी राखीवता चालू शकते. जे काही करायचं ते खालच्या मजल्यावर, एमबीबीएसच्या गेटवरच करावं लागेल. दार एकच उरलंय.

मारेगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वीस वर्षं कोण राहील? ज्याची आई तिथं आहे तो राहण्याची शक्यता जास्त. ही भावनेची गोष्ट नाही, साधा व्यवहार आहे. 'डॉक्टरसाहेब, जीव घाबरा होते' म्हटल्यावर त्याचा अर्थ त्याला सांगावा लागत नाही. कोलामी, गोंडी, गोरमाटी ऐकून तो गोंधळत नाही. आणि पेशंटलाही तो आपला वाटतो, म्हणून तो तिसऱ्या दिवशीच येतो, तेराव्या दिवशी नाही.

मग करायचं काय? तमिळनाडूकडे बघा. ज्या सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या विधिमंडळात ७०:३० रद्द झाल्याची घोषणा झाली, त्याच महिन्यात तमिळनाडूच्या विधानसभेने एक विधेयक मंजूर केलं. सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्या आणि नीट पास झालेल्या मुलांसाठी मेडिकलच्या राज्य कोट्यात साडेसात टक्के जागा. निवृत्त न्यायमूर्ती कलैयारसन यांच्या आयोगाने आधी अभ्यास करून दाखवलं होतं की सरकारी शाळेतली मुलं मेडिकलमध्ये जवळपास दिसेनाशी झाली आहेत. कायदा झाला आणि पहिल्याच वर्षी शेकडो मुलं आत आली. फीही सरकारने उचलली. कोणी तरी कोर्टात गेलंच, २०२२ मध्ये मद्रास हायकोर्टाने कायदा वैध ठरवला. त्यापाठोपाठ मध्य प्रदेशाने २०२३ मध्ये सरकारी शाळांसाठी ५ टक्के ठेवले. नीटला हात लावला नाही, जातीच्या आरक्षणाला हात लावला नाही. हे समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत. एसटीच्या जागांत सरकारी शाळेतल्या एसटी मुलाला, व्हीजेच्या जागांत व्हीजे मुलाला, ओपनच्या जागांत ओपनच्या गरीब शेतकऱ्याच्या मुलाला. कोणाच्या ताटातलं कोणाला जात नाही. ताटावर कोण बसायचं तो क्रम बदलतो.

आपल्याकडे मात्र तो कायदा जसाच्या तसा उचलून चालणार नाही. तिथं बारावीपर्यंत सरकारी शाळा आहेत. आपल्याकडे जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक ठिकाणी सातवी-आठवीला संपते, पुढे अनुदानित संस्था. तेव्हा आपल्या कायद्यात 'सरकारी शाळा' या शब्दाऐवजी नीट व्याख्या लागेल. पहिली ते सातवी जिल्हा परिषद, नगर परिषद किंवा आश्रमशाळा, आणि दहावी ग्रामीण भागातल्या अनुदानित किंवा आश्रमशाळेतून. अशी दुहेरी अट ठेवली तर नागपूरला राहून गावच्या ज्युनिअर कॉलेजात नावापुरता प्रवेश घेणाऱ्यांना शिरकाव नाही. लहानपणची सात वर्षं मागे जाऊन कोणी बदलू शकत नाही. डोमिसाईलचा दाखला काढता येतो. चौथीची हजेरी पुस्तिका काढता येत नाही.

आता नेहमीचे आक्षेप.

'मेरिटचं काय?' नीट पास होणं ही अट आहेच. आत आल्यावर परीक्षा तीच, नापास झाला तर नापासच. आणि मेरिट म्हणजे काय हो? दोन वर्षांत पाच लाख खर्चून आलेले ५५० आणि आश्रमशाळेच्या एका बल्बखाली आलेले ४५०, यातलं मोठं कोणतं हे ज्याला कळत नाही त्याने वजनकाटा कधी वापरला नसावा. डायरेक्ट वजन बघतो, पासंग बघत नाही.

'मुलांनी बाहेर पडलं पाहिजे, इथंच कशाला अडकवता?' शंभर टक्के मान्य. यवतमाळातून २०१७ मध्ये राजू केंद्रे यांनी सुरू केलेली एकलव्य ही संस्था हेच काम करते. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलांना देशातल्या नामांकित विद्यापीठांपर्यंत पोचवते. म्हणजे आपली मुलंही कुठल्या तरी गावासाठी 'बाहेरची' आहेत, हे विसरू नका. दिल्लीत, बंगळुरूत, हैदराबादेत आपल्या पोराला कोणी 'परप्रांतीय' म्हणून हुसकलं तर आपल्याला कसं वाटेल? म्हणूनच मी म्हणतो, हद्दीवर भांडू नका. जेएनयूमध्ये मागास जिल्ह्यातून येणाऱ्याला प्रवेशात जादा गुण मिळायचे. संशोधनाच्या प्रवेशातून ते २०१७ मध्ये काढले. आपल्या जिल्ह्यातल्या किती जणांना हे मिळत होतं हेच माहीत नव्हतं, मग काढल्यावर कोण ओरडणार?

'एवढं करून ती मुलं टिकतील का?' टिकत नाहीत ती पैशाअभावी आणि एकटेपणाने. शिष्यवृत्ती सहा-सहा महिने अडकते, मेसचं बिल दर महिन्याला येतं. हे दुरुस्त करता येतं. त्यासाठी बुद्धी कमी असल्याचं कारण पुढे करू नका.

'मग पुन्हा मराठवाडा-विदर्भ भांडण लावता का?' नाही. हा नियम लातूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या मुलालाही तेवढाच लागू. नंदुरबारच्या भिल्ल मुलीला, रायगडच्या कातकरी मुलाला, मेळघाटच्या कोरकूला. विभागाचं भांडण आमदारांना परवडतं. गावातल्या मुलांना परवडत नाही.

तर मागण्या सरळ चार. आपल्या जिल्ह्यातले आमदार, खासदार, पालकमंत्री, कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांना पाठवा.

एक. २०२० पासूनच्या प्रत्येक बॅचचे आकडे जाहीर करा. आज यादीत नाव असतं, प्रवर्ग असतो, मार्क असतात, कॉलेज असतं. तालुका नसतो, शाळा नसते, माध्यम नसतं, घरातली पहिली पिढी की नाही हे नसतं. फॉर्मात बरीचशी माहिती असते, ती फक्त बाहेर येत नाही. यवतमाळच्या कॉलेजात जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांपैकी कोणत्या तालुक्यातली किती मुलं आली, एवढं एक पान दरवर्षी कॉलेजाच्या फलकावर लावा. खर्च काही नाही.

दोन. जिल्हा परिषद, आश्रमशाळा आणि ग्रामीण अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी राज्य कोट्यात दहा टक्के समांतर आरक्षण, फीसकट. तमिळनाडूचा कायदा समोर आहे, हायकोर्टाचा निकाल समोर आहे, नव्याने शोधायचं काही नाही. नवी दहा कॉलेजं निघाली आहेत, जागा वाढल्या आहेत. वाढत्या जागांत नियम आणणं सोपं असतं, कोणाची चालू जागा जात नाही.

तीन. आत येणाऱ्या प्रत्येकाला, तो लखनौचा असो की लोहाऱ्याचा, पहिल्या वर्षी जिल्ह्यातल्या एका गावाशी जोडा. सेवाग्रामने पन्नास वर्षं करून दाखवलंय. भाषा येईल, माणूस कळेल, आणि निदान बॉण्ड हा दंड वाटणार नाही.

चार. प्रत्येक तालुक्यात निदान एका आश्रमशाळेत किंवा ज्युनिअर कॉलेजात सरकारी खर्चाने अकरावी-बारावी विज्ञानाचा खरा वर्ग. खरा म्हणजे शिक्षक हजर, लॅब उघडी, नीटची तयारी तिथंच. गेटवर आरक्षण ठेवलं आणि गेटपर्यंत रस्ता केला नाही तर जागा रिकाम्या राहतील. मग हेच लोक म्हणतील, बघा, दिलं तरी घेता येत नाही.

शेवटचं. झरीजामणी ते यवतमाळ शंभरेक किलोमीटर. तिथून बाई बाळंतपणाला रेफर होऊन येते तेव्हा हे अंतर ॲम्ब्युलन्सला जेवढं लागतं तेवढंच लागतं. तीच बाई जर पोरीला या कॉलेजात शिकवायचं म्हणाली, तर तेच अंतर कोट्यावरून जातं, पाच लाखांवरून जातं, वावरावरून जातं. कॉलेजची इमारत जिल्ह्यात आहे, पेशंट जिल्ह्यातले आहेत, ज्यांच्या अंगावर ही पोरं सुई टोचायला शिकतात ती अंगं जिल्ह्यातली आहेत. वर्गातल्या बाकांवर जिल्हा किती आहे, एवढंच विचारतोय.

आपल्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून कोणी एमबीबीएसला लागलं असेल तर कमेंटमध्ये फक्त तालुका आणि वर्ष लिहा. नाव नको. आकडे सरकार देत नाही तर आपणच एक यादी सुरू करू. आणि मतभेद असला तर जरूर मांडा, फक्त 'आमच्या जागा' असं लिहिण्याआधी त्या 'आमच्या'त कोण कोण येतं ते एकदा मोजून घ्या.